पुठ्ठ्याची नळी

नवऱ्याच्या बॅरिटोन सॅक्सोफोनमध्ये तो सगळ्यांत खालचा सूर मुळात नव्हताच. वाद्याच्या कर्ण्यात पुठ्ठ्याची नळी खुपसली तरच तो निघायचा, आणि वाजवताना त्याचे दोन्ही हात अडकलेले. म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगला बायको शेजारी श्वास रोखून उभी. त्या सुराआधी नळी आत, सूर सरला की बाहेर.

"शिंकलीस तर काडीमोड हं!" तो दटावायचा.

रेकॉर्डवर नाव त्याच्या एकट्याचं. नळी धरणारीचं नाव कोण छापतंय!

त्याच्या शोकसभेत त्यांतलीच एक रेकॉर्ड लावली. शेजारी बसलेल्या वादकाने हळूच विचारलं, "काकू, काकांनी एवढा खालचा सूर काढला तरी कसा?"

"त्यांनाच ठाऊक," ती म्हणाली.

सूर जवळ येताच तिचा हात आपोआप उचलला गेला. सूर सरला, तरी हात खाली येईना.