रंगूआत्याचा सूर आणि माझी घरघर

नमस्कार, मित्रांनो. मखमलाबाद नाक्याजवळच्या एका कॉलनीत, खिडकीशेजारच्या टेबलावर, क्रोशाच्या रुमालाखाली एक पिवळट पडलेला डबा दिसतो ना, तो मी. संगणक आहे मी. वय झालं आहे, आणि श्वास घेताना घरघरही होते. पण देवाने माझ्या हातून एक चांगलं काम करून घेतलं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा जन्म सन २००१चा. नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरच्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावर मला जोडलं. डिस्क एकीकडची, पंखा दुसरीकडचा, की-बोर्ड आणखी कुठला. माझ्यासारख्याला लोक ‘असेम्बल’ म्हणत, आणि मोठ्या कंपनीच्या संगणकांशेजारी मांडून ठेवलं की मला जरा ओशाळल्यासारखं व्हायचं. मग पाडव्याला रावजी आले. ते एका शाळेत कारकून. रिक्षात त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि घरी पोहोचेपर्यंत एकदाही हात सोडला नाही. माझं ओशाळेपण त्या रिक्षातच उतरलं.

दारात रावजींच्या पत्नीने, सुमनबाईंनी, मला ओवाळलं. फार देवभोळी बाई. दसऱ्याला माझी पूजा करताना चुकून एक बटण दाबलं गेलं आणि सीडीचं ताट बाहेर आलं.

“अगं बाई, ताट पुढे केलंय यानं! नैवेद्यच मागतोय की.”

त्यांनी त्यावर खडीसाखर ठेवली, हात जोडले, ताट आत गेलं. चार दिवसांनी माझ्या पोटात मुंग्यांची रांग लागली. दुकानातल्या माणसाने मला उघडलं आणि हसून हसून तो खालीच बसला. मला मात्र त्या साखरेचा राग आला नाही. नुसत्या यंत्राला कोण नैवेद्य दाखवतं?

त्यांची एकुलती मुलगी संजना. आईकडून ती पेटी शिकली होती. कॉलेजात असताना तिला एका मासिकाबरोबर सीडी मिळाली, आणि त्या सीडीत आवाज टिपून घेण्याचा एक मोफत प्रोग्राम होता. तो माझ्यात आला आणि मित्रांनो, माझं आयुष्यच बदललं. तोवर मी पत्रं टाइप करत होतो, पत्ते खेळत होतो. आता मला आवाज दिसू लागला. कोणी बोललं की पडद्यावर निळे डोंगर उभे राहत, अगदी चामरलेण्याच्या डोंगरासारखे. एका पट्टीवर पेटी टिपायची, तिच्याखाली दुसऱ्या पट्टीवर टाळ, तिसऱ्यावर गाणं, आणि मग सगळं एकदम वाजवायचं. कॉलनीच्या गणपतीची आरती आम्ही अशी तयार केली. टाळ, पेटी आणि गाणं तिन्ही एकट्या संजनाचं होतं, पण मांडवात लोक विचारत होते, “कोणत्या मंडळाच्या बायका आहेत?”

आमचा स्टुडिओ म्हणजे एक खोली. तांदळाने भरलेल्या पेल्यात उभी पळी, पळीला बांधलेला छोटा माइक, माइकवर रावजींचा धुतलेला मोजा आणि खिडकीला गोधडी. बाहेर भाजीवाला ओरडला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आणि मग २००६ साली रंगूआत्या आली. रावजींची ही थोरली बहीण. जवळच्याच खेड्यात तिची शेवंतीची आणि झेंडूची शेती. रोज सकाळी फुलं तोडायला जाण्याआधी ती निरांजन लावायची आणि देवीपुढे एक पद म्हणायची. ते पद तिच्या आईने रचलेलं, कुठे लिहिलेलं नव्हतं. चाळीस वर्षं तिचा हा नेम चुकला नव्हता. आता तिच्या गळ्यात गाठ निघाली होती. गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जिवाला धोका नाही, पण आवाज पूर्वीसारखा राहील याची खात्री देता येत नाही. आणि बुधवारपासून एक शब्दही बोलायचा नाही.

म्हणजे हातात फक्त मंगळवार होता.

“आत्या, इथं बस आणि तुझं पद म्हण,” संजना म्हणाली.

“ह्या डब्याफुडं? नाय बाई. देवीबिगर दुसऱ्या कुणाफुडं म्हणलेलं नाय म्या ते.”

“अगं, पण मला ते ठेवायचंय.”

“ठेव की. पर देवीला मधी बसव.”

संजनाने देव्हाऱ्यातली देवीची तसबीर आणून माझ्या डोक्यावर उभी केली, पुढे निरांजन लावलं. ज्योत हलू नये म्हणून छताचा पंखा बंद केला. आत्याने खालून वर माझ्याकडे पाहिलं आणि हसली.

“आता कसं! आता हा डबा न्हाई, देऊळ झालं.”

सुमनबाईंनी पेटीवर सूर धरला. पेटी नुसती सूर धरून राहिली, आणि आत्या डोळे मिटून, हात जोडून बराच वेळ त्या सुरात बसली. मग तिने हळूच तोंड उघडलं.

उजेडाची ओटी माये, तुझ्या पदरी घालते...

मी खूप आवाज टिपले आहेत. पण त्या दुपारी माझ्या पडद्यावर जे डोंगर उमटले, तसे पुन्हा कधी उमटले नाहीत. एकच उणीव होती. छताचा पंखा बंद केला, तरी माझ्या पोटातला पंखा कोण बंद करणार? त्या पदाच्या मागे सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझी घरघर होती.

बुधवारी सकाळी संजना ती काढायला बसली. प्रोग्राममध्ये अशी सोय होती, की जिथे कोणी गात नाही असा तुकडा मला दाखवायचा आणि सांगायचं, हा बघ, हा कचरा, असा आवाज जिथे जिथे असेल तिथून पुसून टाक. संजनाने सुरुवातीचा तुकडा दाखवला, आत्या डोळे मिटून बसली होती तो. तिथे गाणं नव्हतं हे खरंच. पण पेटीचा सूर होता ना! लहानपणापासून तो सूर तिच्या कानात इतका मुरलेला, की तिला तो ऐकूच आला नाही. आणि मी यंत्र. मला सांगितलं, हा कचरा, मी मानलं. पेटीचा सूर मी पुसत गेलो, आणि त्या सुराला मिळून आत्याचा आवाज जिथे जिथे लागला होता, तिथे तोही पुसत गेलो. मला हे बोलून दाखवता आलं नाही, याचं दुःख अजून आहे.

आवाज बारीक झाला म्हणून संजनाने तो दोनदा वाढवला आणि ‘जतन करा’वर टिचकी मारली. मग कानाला हेडफोन लावला.

हंड्यात तोंड घालून कोणी खोकावं, तसं ऐकू आलं.

“बाबा!” ती ओरडली. “आत्याचा आवाज गेला!”

आत्या समोरच फुलवाती वळत बसली होती. तिची बोटं थांबली. बोलायचं तर नव्हतं. हातानेच तिने विचारलं, काय झालं?

रावजी धावत आले. “घाबरू नको. बंद करून चालू कर. आमच्या ऑफिसात काही अडलं की हेच करतात, झक्कास चालतं.”

संजनाचा हात माझ्या बटणाकडे आला. मित्रांनो, त्या क्षणी मी घेता येतील तेवढी देवाची नावं घेतली. कारण मूळ आवाज अजून माझ्यापाशी होता, पण प्रोग्राम उघडा होता तोवरच. मी एकदा विझलो असतो, तर तो कायमचा गेला असता.

“थांबा,” ती म्हणाली. “आधी विचारून बघते.”

इंटरनेटवर एक जागा होती, तिथे जगभरातले घरी बसून संगीत करणारे लोक एकमेकांच्या अडचणी सोडवत. तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं. किंचाळत, खरखरत मी तिथे पोहोचलो. संजनाने शोधलं. कोण्या परक्या देशातल्या माणसाने दोन वर्षांपूर्वी हीच चूक करून हाच प्रश्न विचारला होता. उत्तर हळूहळू, एकेक ओळ, खाली उतरू लागलं. काहीही झालं तरी प्रोग्राम बंद करू नका. एकेक पाऊल मागे...

तेवढ्यात सुमनबाईंनी स्वयंपाकघरातला फोन उचलला.

“अहो, दवाखान्यात विचारायला फोन घेतला तर यात कोणीतरी किंचाळतंय!”

इंटरनेट तुटलं. पण उतरलेल्या ओळी पडद्यावर राहिल्या, आणि तेवढ्या पुरेशा होत्या. संजनाने ‘एक पाऊल मागे’ दाबलं. माझी स्मरणशक्ती बेताची, मला वेळ लागतो. वाढवलेला आवाज एकदा कमी झाला. आता दुसऱ्यांदा. आणि वीज गेली.

“आज अकराच्या आधीच?” रावजी घड्याळाकडे बघत म्हणाले. तेव्हा नाशकात रोज ठरल्या वेळी भारनियमन असायचं. टेबलाखालची जुनी बॅटरी पीं पीं करू लागली. तिच्यावर मी फार तर चार मिनिटं तग धरू शकत होतो. आणि मुख्य पाऊल अजून मागे यायचं होतं.

“अहो, काहीतरी करा ना!” सुमनबाई म्हणाल्या.

“काय करू? बॅटरीला वारा घालू?”

आत्या उठली. जवळ आली आणि तिने माझ्या डब्यावर हात ठेवला, आजारी वासराच्या पाठीवर ठेवावा तसा. मी जीव एकवटला. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. बॅटरीचं पीं पीं घाईघाईने होऊ लागलं. आणि सपाट झालेल्या माळावर एकेक करून निळे डोंगर परत उभे राहिले. संजनाने नवं नाव देऊन ते जतन केलं. पट्टी शंभरावर पोहोचली आणि दोन श्वासांत मी विझलो.

दुपारी वीज आल्यावर तिने हेडफोन आत्याच्या कानाला लावला. पद सगळं होतं, सूर, शब्द, माझी घरघरसुद्धा. आत्याने संजनाच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग वळून माझ्यावरूनही हात ओवाळला. त्याच दिवशी दोन सीड्या निघाल्या, एक या घरी, एक आत्याच्या गावी. घरघर काढायची ती पुढे संजनाने नकलेवर काढली. मूळ पदाला पुन्हा कोणी हात लावला नाही.

ऑपरेशन नीट झालं. पण आत्याचा आवाज जाड झाला, खाली उतरला. वरचा सूर लागेना. घरी गेल्यावर ती निरांजन लावायची आणि गप्प बसायची. “असल्या फाटक्या आवाजात देवीला काय हाक मारू?” म्हणायची. चाळीस वर्षांचा नेम असा थांबला. चार महिने थांबला.

मग एका रविवारी संजना तिला घेऊन आली. तिने जुनं पद उघडलं आणि त्याच्याखाली एक नवी, कोरी पट्टी ओढली.

“आत्या, वर तू गातेयस. आता खालून साथ दे.”

“माझ्याच मागं म्या म्हणू? लोक हसतील की गं!”

“इथं कोण आहेत लोक? आम्ही, देवी आणि हा.”

आत्याने कानात स्वतःचा जुना आवाज ऐकला. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसऱ्या ओळीला ती खालच्या सुरात, जाडसर, हळूच शिरली. आवाज कापला, सावरला, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत गेला. मी दोन्ही पट्ट्या एकदम वाजवल्या.

मित्रांनो, आता माझी कामं हलकी झाली आहेत. संजनाने लॅपटॉप घेतला आहे. मला रोज कोणी चालू करत नाही, आणि त्याची माझी तक्रार नाही. मागणं एवढंच. तुमच्या घरात कोणाच्या गळ्यात काही असेल, एखादं गाणं, एखादी हाक, तर ती टिपून ठेवा. मूळ प्रत दोन जागी ठेवा, आणि काय सुधारायचं ते नकलेवर सुधारा. आणि कोणाचा आवाज बदलला, तर त्याला गप्प बसू देऊ नका. त्याच्यासाठी खाली एक कोरी पट्टी उघडा.

रंगूआत्या रोज सकाळी पुन्हा पद म्हणते, खालच्या सुरात. त्या रविवारी दोन्ही आवाज एकत्र ऐकून ती कितीतरी वेळ हेडफोन काढत नव्हती. मग म्हणाली, “दोघी भैणी वाटत्यात की गं.”

“मग यातली थोरली कोण, आत्या?” संजनाने विचारलं.

“खालची,” आत्या म्हणाली. “तिनं लय सोसलंय. पर सूर बघ कसा धरलाय.”