मेलेल्यानं उठायचं असतं

आमच्या खेळात माणूस मेला की थोडा वेळ पडून राहतो, मग उठतो, कपड्यांना लागलेलं गवत झटकतो आणि झाडाखालच्या टेबलाशी जाऊन वाइन पितो. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. चेस्टनटच्या झाडांमधलं मोकळं गवत हाच आमचा रंगमंच. पडदा नाही, विंग नाही, चारी बाजूंनी माणसं बसलेली. मेलेला जाणार कुठं? म्हणून त्यानं उठायचं असतं. शहरातला कुणी पाहुणा पहिल्यांदा बघतो तेव्हा खो खो हसतो. आमची माणसं त्याला हसू देतात आणि पुढच्या कडव्याकडे लक्ष देतात.

मी झेलिंडा. या खेळाची सूत्रधार मीच, आणि आमच्याकडे सूत्रधार कोपऱ्यात लपून बसत नाही. संहिता हातात घेऊन मी भर मैदानात गाणाऱ्याच्या पाठीशी उभी असते. पुढची ओळ त्याच्या कानात सांगते, चुकला तर चिमटा काढते, आणि मेलेला उठायचं विसरला तर त्याला पायानं ढोसते. मी सगळ्यांना दिसते, पण माझ्याकडे कुणी बघत नाही. आयुष्यभर या डोंगरातल्या घराघरांत टपाल वाटलं, तेव्हाही असंच होतं, त्यामुळे मला सवय आहे.

त्या उन्हाळ्यात आम्ही नदीकाठच्या दोन घराण्यांचा जुना खेळ बसवला होता. एका काठाचा मुलगा, दुसऱ्या काठाची मुलगी, चोरून लग्न, आणि शेवटी दोघंही एकाच थडग्यात. नायकाचं काम मी नेविओला दिलं. नेविओ गावच्या चीजच्या कारखान्यात कामाला होता. लाजाळू पोरगा, पण आवाज असा की तो गायला लागला की माझ्या अंगावर काटा यायचा. इतकी वर्षं हे काम दानिलो करत होता. दानिलोनं चाळिशी ओलांडली, केस गेले, म्हणून मी त्याला नायिकेच्या भावाचं काम दिलं. त्यानं ते घेतलं, पण तोंड वाकडं करून. पोरानं माती खाल्ली तर आपण तयार आहोत, हे तो ज्याला त्याला ऐकवत फिरत होता.

आणि पोरगा माती खात होता. सगळं अडलं होतं पुलाच्या प्रवेशावर. लग्न लावून नायक पुलावर येतो, तर समोर बायकोचा भाऊ शिव्या देत उभा. आता हा मेहुणा झाला, पण लग्न गुपित आहे. म्हणून नायक हसतो आणि म्हणतो, मला तुझ्याशी भांडायचं नाही. त्याच्या मित्राला वाटतं, हा घाबरला. तो स्वतःच तलवार उपसतो. नायक मध्ये पडतो आणि भांडण मिटावं म्हणून मित्राच्या हातातली तलवार काढून घेतो. तेवढ्यात भाऊ वार करतो. मित्र मरतो आणि नायक त्याच तलवारीनं भावाला मारतो. तिथून पुढं सगळं थडग्याकडेच जातं.

नेविओ हे सगळं बिनचूक म्हणायचा आणि त्यात काहीही नसायचं. तालमीत एकदा त्यानं तलवार खाली ठेवली आणि मला म्हणाला, "मावशी, आत्ता तर हा त्याला मेहुणा म्हणून मिठी मारायला निघाला होता. चार ओळींत माणूस असा फिरतो होय?"

"फिरतो. तूच फिरत नाहीस," मी म्हणाले. "तू पहिल्या कडव्यापासून सुतक धरून उभा असतोस. लग्नाच्या गाण्यातसुद्धा."

"शेवट माहीत आहे ना मला."

"तुला माहीत आहे. त्याला कुठं माहीत आहे? त्याला वाटतंय आज आपलं लग्न झालं."

त्यावर सगळ्यांनी आपापली अक्कल पाजळली. नायिका करणारी इल्वा म्हणाली की खेळ फिरतो तो दोघांची नजरानजर होते तिथं. दानिलो म्हणाला, वार होतो तिथं, कारण वार तो करतो. आणि अदेल्मो म्हणाला की आपण मरतो तिथं, कारण त्यानंतर खेळात हसण्यासारखं काही उरत नाही आणि त्याला प्यायला मोकळीक मिळते.

अदेल्मो म्हणजे खेळातला नायकाचा मित्र. खेळातला मित्र विशीतला, अदेल्मो साठीकडे झुकलेला, आणि पोट त्याच्या आधी दोन पावलं मैदानात येतं. पण त्या कामात त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला लोकांनी बघूनच घेतलं नसतं. दरवर्षी तो नव्या तऱ्हेनं मरायचा. एकदा तर मरता मरता त्यानं बायकोला गाण्यातच विचारलं होतं की घराला कुलूप लावलंस का. हाच अदेल्मो चीजच्या कारखान्यातला मुख्य कारागीर, आणि नेविओ शाळा सुटल्यापासून त्याच्या हाताखाली. दूध तापवायचं कसं, दही मोडायचं कधी, हे त्यानंच शिकवलं, आणि तांब्याच्या कढयांवर वाकून गायचं कसं तेही त्यानंच. नेविओ जेवायला निम्मे दिवस त्याच्याच घरी असायचा.

मी पोराला स्पष्ट सांगून टाकलं की पहिल्या रविवारी हा प्रवेश असाच सपाट गेला, तर पुढच्या रविवारपासून काम दानिलोकडे. त्या रात्री नेविओ म्हणे जेवलाच नाही.

रविवार उजाडला तो भाजून काढणारा. गाईंना रविवार कळत नाही. त्यामुळे अदेल्मो आणि नेविओ नेहमीसारखे अंधारात उठून कढयांवर गेले होते. नेविओ तरुण आहे. अदेल्मोनं त्यावर दुपारी सारण भरलेला पास्ता पोटभर हाणला आणि वर लाल वाइन घेतली. लग्नाच्या गाण्यात तो शिरस्त्राणाआड जांभया देताना मला दिसला. मी लक्ष दिलं नाही. त्याला मी सांगून ठेवलं होतं की काहीही कर पण पोराला हसव, आणि त्यानं संहिता सोडून चीजवरच्या दोन ओळी ठोकून दिल्या. नेविओ खरंच हसला. मला बरं वाटलं.

मग पूल आला. नेविओनं अदेल्मोच्या हातातली तलवार काढून घेतली, दानिलोनं वार केला, अदेल्मोनं मरणाचं कडवं म्हटलं. लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि तो सावली बघून उताणा पडला. नेविओनं त्याच्यावरचं शोकाचं कडवं म्हटलं. सपाट. व्हायोलिनची धून झाली. या धुनेवर मेलेल्यानं उठायचं असतं. अदेल्मो उठला नाही.

व्हायोलिनवाल्यानं धून पुन्हा वाजवली. मागून कुणीतरी ओरडलं की अदेल्मो, वाइन गरम होतेय. लोक हसले. तिसऱ्यांदा धून झाली तेव्हा हसणं विरत गेलं. अदेल्मोची बायको ब्रुना बाकावरून उठून उभी राहिली.

मी ढोसायला म्हणून जवळ गेले. शिरस्त्राण नाकापर्यंत घसरलं होतं आणि त्याखालून बारीक शिटी वाजत होती. मेल्याला गाढ झोप लागली होती. ब्रुनानं ते लांबूनच ओळखलं, ही झोप ती तीस वर्षं बघतेय. तिला हसू आवरेना, म्हणून तिनं रुमालात तोंड खुपसलं आणि तिचे खांदे हलायला लागले. नेविओनं ते बघितलं आणि त्याला वाटलं, ती रडतेय.

मग त्यानं माझ्याकडे बघितलं. पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी नुसती नकाराची मान हलवली असती तरी त्याचा जीव भांड्यात पडला असता. पण मला पुढचं सुडाचं कडवं खरंखुरं हवं होतं हो. मी छातीवर क्रूसाची खूण केली, मेलेल्यासाठी करतात तशी. देवाला काय सांगायचं ते मी बघून घेईन.

नेविओ हलला नाही. त्याची नजर आपल्या हाताकडे गेली. हातात अदेल्मोची तलवार होती. ती तिथं कशी आली, हे जणू त्याला आत्ता कळत होतं. मी पुढची ओळ सांगायला तोंड उघडलं, पण त्यानं सुरुवात केलीसुद्धा. आवाज खालून, पोटातून आला, मध्येच फाटला आणि फाटलेलाच वर चढला. मैदानात चिटपाखरू हललं नाही. दानिलो दोन पावलं मागं सरला, आपली ओळ विसरला, आणि तलवार अंगाला लागायच्या आधीच मरून पडला.

नेविओनं तलवार टाकली आणि अदेल्मोला गदागदा हलवायला लागला. "काका, उठा ना. काका."

अदेल्मोनं डोळे उघडले. "कढई उतरवलीस का रे?" त्यानं विचारलं.

लोक बाकांवरून खाली पडायचे राहिले. नेविओनं त्याला मिठी मारली, मग त्याच्याच शिरस्त्राणानं त्याच्या पाठीत रपाटे घातले, मग पुन्हा मिठी मारली. खेळ बऱ्याच वेळानं पुढं सरकला.

संध्याकाळी टेबलाशी सगळे खूश होते. दानिलो सोडून. तो म्हणाला की हे गाणं नव्हतं, भीती होती. आपला गुरू मेला असं वाटलं तर आपणही असंच गाऊ. पुढच्या रविवारी अदेल्मो टक्क जागा असेल, तेव्हा बघू. मला त्याचा राग आला, कारण तो खरं बोलत होता. आणि नेविओनं माझ्याशी बोलणंच टाकलं होतं, कारण झोपेतली ती शिटी मला तेव्हाच ऐकू आली होती, हे ब्रुनानं त्याला सांगितलं होतं.

आठवडा तसाच गेला. शेवटी मीच कारखान्यात गेले. नेविओ कढई घासत होता. त्यानं वर बघितलं नाही, पण बोलला.

"मावशी, परत नाही जमणार मला. तो उठणार आहे हे मला माहीत आहे."

मी म्हणाले की दानिलोला निरोप देते मग.

घासता घासताच त्यानं विचारलं, "मी तलवार काढून घेतली नसती तर मित्र वाचला असता?"

"वाचला असता. चांगला लढणारा होता."

"म्हणजे मी भलं करायला गेलो."

"हो."

घासणं थांबलं. "मग मला भावाचा राग येत नाहीये. माझाच राग येतोय. आणि समोर तो उभा आहे."

मला त्याचं तोंड धरून मुका घ्यावासा वाटला. पण अजून बोलणं नुकतंच सुरू झालं होतं, म्हणून मी म्हणाले की ताक असेल तर दे जरा, उन्हातून आलेय.

दुसऱ्या रविवारी माणसं दुप्पट आली, अदेल्मो झोपतो ते बघायला. ब्रुनानं त्याला दुपारभर पलंगावर डांबून ठेवलं होतं आणि वर कडक कॉफी पाजली होती. नेविओ मैदानात आला तो हसतच. लग्नाच्या गाण्यात त्यानं इल्वाला उचलून गरकन फिरवलं, हे संहितेत कुठंही नाही. अदेल्मोच्या विनोदांना तो सगळ्यांच्या आधी हसत होता. सुतक कसलं, पोरगा नवरदेव झाला होता. त्याला बघून मलाच क्षणभर वाटलं की या वेळी काही वाईट होणार नाही.

पुलावर त्यानं हसत हसतच अदेल्मोच्या हातातली तलवार काढून घेतली. वार झाला. अदेल्मो मेला, धून वाजली, अदेल्मो उठला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यानं गवत झटकलं, वाकून नमस्कार केला आणि टेबलाकडे निघाला.

नेविओनं त्याच्याकडे बघितलंच नाही. तो बघत होता दबलेल्या गवताकडे, जिथं अदेल्मो पडला होता. मग हातातल्या तलवारीकडे. आणि मग तो गायला, पहिल्यापेक्षा हळू, आवाज कुठंही न फाडता. बाकांवरचं हसू एकेक करून मावळत गेलं. त्या मोकळ्या जागेत आता सगळ्यांनाच कुणीतरी पडलेलं दिसत होतं, मलाही.

माझ्या मागं कुणीतरी येऊन उभं राहिलं. अदेल्मो होता. ग्लास भरलेला, हातात तसाच, आणि डोळ्यांतून पाणी. मेलेल्यानं मैदानात परत यायचं नसतं, मी त्याला डोळ्यांनी दटावलं.

"झेलिंडा," तो माझ्या कानाशी म्हणाला, "मी परत पडू का गं? पोरगं एकटं पडलंय."

माझ्या उत्तराची वाट न बघता त्यानं ग्लास माझ्या हातात दिला, गुडघे धरत खाली बसला, आणि त्याच दबलेल्या गवतावर आडवा झाला.

असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. कुणी हसलं नाही. दानिलोनं उपसलेली तलवार खाली केली आणि अदेल्मो नीट आडवा होईपर्यंत तो थांबला. मग त्यानं आपली ओळ म्हटली आणि नेविओच्या वाराची वाट बघितली. मी भर मैदानात, एका हातात संहिता आणि दुसऱ्या हातात वाइन घेऊन, ढसाढसा रडत होते, आणि इतका आनंद मला त्या मैदानात आधी कधी झाला नव्हता. खेळ संपल्यावर दानिलो माझ्याकडे आला आणि म्हणाला, पुढच्या वर्षीही मला भावाचंच काम दे.