दुधीच्या सालांची चटणी

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर सुबोध परबने मुलुंडच्या घरातलं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि कचऱ्याच्या डब्यावर त्याची नजर पडली. फ्लॉवरचे देठ, कोथिंबिरीच्या काड्या, मटाराच्या शेंगांची सालं, कलिंगडाचा पांढरा गर, लोक टाकून देतात ते सगळं त्याच्या कढईत जाऊ लागलं. आणि करायचाही चविष्ट. कलिंगडाच्या गराची घावनं खाऊन वरच्या मजल्यावरचे गुजराती शेजारी पुन्हा मागायला आले होते. मग सोसायटीच्या गणपतीत त्याला करून दाखवायला बोलावलं. "टाकण्यासारखं काही नसतंच हो," तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. तेव्हापासून घरात साधं वांग्याचं देठ टाकायचं म्हटलं तरी त्याच्या अंगावर काटा यायचा.

त्या दिवशी त्याची मोठी बहीण सुगंधाताई घाटकोपरहून जेवायला येणार होती. गिरणी बंद पडल्यावर बाबा घरी बसले, तेव्हा शिवणकाम करून सुबोधला शिकवणारी ही ताई. तिला आपल्या हातचं खाऊ घालायचं म्हणून तो सकाळपासून खुशीत होता.

त्याची बायको उत्तरा कॉलेजात लायब्ररी सांभाळायची. जाण्याआधी तिने भाजीसाठी दुधी सोलून चिरला, नेहमीसारखा एक तुकडा जिभेवर ठेवला आणि थू थू करत बेसिनकडे धावली.

"कडूजहर निघाला हो! टाकून दिलाय सगळा. भेंडी आहे फ्रीजमध्ये, ती करा."

ती गेल्यावर सुबोधने डबा उघडला. वरच हिरवीगार, कोवळी सालं पडली होती. दुधीच्या सालांची चटणी ताईला भारी आवडायची. एक साल धुऊन त्याने चावून बघितली. कडू होती. पण कारलं काय कमी कडू असतं? मेथी आपण खातोच की. त्याने सालं तेलात खमंग परतली, तीळ, सुकं खोबरं, लसूण, मिरच्या घातल्या. वाटून चाखली, तर कडवटपणा होताच. मग गूळ घातला, चिंच घातली, परत गूळ घातला. शेवटी कडवटपणा मागे सरला, पण पार गेला नाही.

ताई आली, पाय धुऊन पानावर बसली. भाकरीबरोबर चटणीचा पहिला घास घेतला आणि थांबली.

"कडू लागता काय रे ही?"

"मेथी घातलीय जराशी," तो म्हणाला. हे खोटं इतक्या सहज बाहेर पडलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"असं होय," म्हणत ताईने पुढचा घास घेतला. तो गरम भाकऱ्या वाढत राहिला. त्याचं स्वतःचं जेवण अजून व्हायचं होतं. ताईने वाटी चाटूनपुसून संपवली.

हात धुवायला उठली ती बेसिनवरच वाकली. आधी उलट्या, मग जुलाब, मग डोळेच फिरले. रिक्षात घालून त्याने तिला जवळच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. सलाईन लावता लावता तिने विचारलं, "काका, काय खाल्लं होतं यांनी?"

"भाकरी, भेंडी, वरण... दुधीच्या सालांची चटणी."

तिचा हात थांबला. "दुधी कडू होता का?"

"नाही," सुबोध म्हणाला.

ती पुढच्या पेशंटकडे गेली. तो ताईच्या उशाशी उभा राहिला. ताई त्याचा शर्ट घट्ट धरून होती, लहानपणी तो तिचा पदर धरायचा तसा. आत्ता जाऊन सांगावं. पण काय सांगायचं? बायकोने टाकलेलं मी डब्यातून काढलं? कडू आहे हे कळूनही खाऊ घातलं? तो जागचा हलला नाही. तेवढ्यात ताईला पुन्हा उलटीची उबळ आली, आणि नर्सने धरलेल्या भांड्यात लाल दिसलं.

मग तो धावला. "डॉक्टर, दुधी कडू होता. मला माहीत होतं. मी चाखला होता."

डॉक्टर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आधी सांगायचं होतं ना काका," आणि ताईला आयसीयूत हलवायला सांगून निघून गेली. कडू दुधी विषारी असतो, पोटात आतून जखमा करतो, हे त्याला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं. तोवर उत्तरा येऊन बाकावर बसली होती. "सकाळचाच दुधी ना?" तिने विचारलं. त्याने मान हलवली. ती उठून आयसीयूच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

ताई वाचली. बरी होऊन घाटकोपरला आपल्या मुलाकडे, धवलकडे गेली. सुबोध भेटायला गेला तेव्हा धवलने दार उघडलं, पण 'ये मामा' म्हणाला नाही. ताई खाटेवर बसून पेज घेत होती. गालफडं बसली होती.

"ताई, त्या चटणीत मेथी नव्हती," सुबोध म्हणाला. "दुधीच कडू होता. मला कळलं होतं."

तिने चमचा खाली ठेवला. "मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही."

तिने पेजेची वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "मला वाटलं माझीच जीभ गेली. म्हातारपणी चव जाते म्हणतात ना? म्हटलं, आपला झील, लेकासारखा वाढवलेला, कशाला खोटं बोलेल. म्हणून खात राहिले."

सुबोधला मान वर करता येईना. वाटीतल्या पेजेवर साय धरली होती. काहीतरी करायचं म्हणून त्याने वाटी उचलली. "गार झाली, गरम करून आणतो."

"राहू दे मामा." धवलने त्याच्या हातातून वाटी घेतली. "मी करतो."

ताईने मुलाला अडवलं नाही. सुबोध पुन्हा खुर्चीवर बसला. स्वयंपाकघरातून गॅस पेटल्याचा आवाज आला.

"राग आलाय मला," ताई म्हणाली. "इतक्यात जायचा नाही तो."

"हो."

"तोंड पाडून बसू नको. बघवत नाही." तिने पांघरूण गुडघ्यांवर ओढून घेतलं. "रविवारी ये परत. धवल काही बोलला तर ऐकून घे. आणि हात हलवत ये. करून काही आणू नको."

"नाही आणणार," सुबोध म्हणाला.