तिघांत चार तुकडे

दिवसाला पाऊण लिटर पाणी, चहा धरून.

लिफ्टमध्ये पाटी असते: सहा माणसं.

बटाटा दोनदा उकळायचा, पाणी फेकायचं. टोमॅटो विसरायचा.

वेटरच्या चष्म्याचं डावं भिंग सैल होतं.

आई म्हणायची, शेवटचा तुकडा मागायचा नाही. कोणी दिला तरच घ्यायचा.

डाव्या मनगटावर बोट ठेवलं की आत घरघर लागते, मांजर पाळल्यासारखी.

आता हे जोडते. घरघर डायलिसिससाठी जोडून ठेवलेल्या शिरेची आहे. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. पाण्याचं माप आणि बटाट्याचं पथ्यही त्यापायीच. माझ्या दोन्ही किडन्यांनी हात वर केलेत. डॉक्टर म्हणाले, घरातल्या कोणाची जुळते का बघा. घरातलं म्हणजे दादा. आई-बाबा गेल्यावर दुसरं आहे कोण? त्याला विचारायचं, आजच, या दुपारी, एवढंच काम होतं. दोन महिने मी ते फोनवर करत होते आणि दर वेळी हवापाण्यावर येऊन थांबत होते.

जेवायची जागा दादाने निवडली. तो लिफ्ट दुरुस्त करतो, या इमारतीचीही तोच बघतो. इथे छोट्या छोट्या ताटल्या येतात म्हणाला, सगळ्यांनी मिळून खायच्या, तुला चालेल ते तू उचल. वहिनी ताटलीचा आकार बघून म्हणाली की एवढ्यात तर लहानपणी आमची भातुकली व्हायची.

पहिली ताटली. भाजलेला फ्लॉवर, चार तुरे. तिघांनी एकेक घेतला. चौथा राहिला. दादा मला म्हणाला घे, मी वहिनीला म्हटलं घे, वहिनी म्हणाली पोट भरलं, जे साफ खोटं होतं. वीस वर्षांत तिलाही आमची लागण झाली होती.

विचारू?

दुसरी ताटली. मासा, चार फोडी. एक राहिली.

मी हात धुवून आले.

तिसरी. पावाचे चार काप, वर काहीतरी हिरवं. आत स्वयंपाकघरात कोणीतरी चारच्या पाढ्यानेच चालत होतं. मी म्हटलं, फ्लॉवर छान भाजलाय. दादा म्हणाला, हो ना, कडेने कुरकुरीत. मी म्हटलं, घरी असा होत नाही. दादा म्हणाला, आच कमी पडते.

मी पुन्हा हात धुवून आले. भिंगं घासण्याचं काम करते मी, चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत; तिथे नजर एका जागी ठेवता येते. इथे ती वेटरच्या सैल भिंगावर, दाराच्या कडीवर, दादाच्या कमरेवर. कमरेवर! लगेच छताकडे.

चौथी, पाचवी, सहावी. प्रत्येकीत एक तुकडा उरलेला. पाण्याचे पेले खिडकीच्या कट्ट्यावर गेले. दादा टेबलाकडे बघून म्हणाला, "क्षमता संपली. आता दार लागणार नाही."

वेटरने अदबीने सांगितलं की ताटली रिकामी झाल्याशिवाय तो उचलत नाही, आणि जागा झाल्याशिवाय आतून पुढची येत नाही. अजून दोन बाकी आहेत. तो गेला. आम्ही तिघं त्या सहा तुकड्यांकडे बघत बसलो, कोणी सामानावर लक्ष ठेवायला सांगून गेल्यासारखे.

वहिनीने काटा उचलला. फ्लॉवर. मासा. पाव. मधे श्वास घेतला. मग उरलेले तीन. वेटर आला आणि ताटल्या एकात एक रचून घेऊन गेला. वहिनीने तोंड पुसलं.

"वीस वर्षं या घरात शेवटचा तुकडा गार होताना बघतेय," ती म्हणाली. "कोणाला काय हवंय ते एकदाचं तोंड उघडून सांगा."

टेबल मोकळं. बघायला काहीच नाही. फ्लॉवरसुद्धा नाही.

"दादा, मला तुझी एक किडनी हवीय."

शेजारच्या टेबलावरचे काटे थांबले. दादा रुमालाची घडी घालत राहिला, उलगडून परत घालत राहिला.

"भिंगरी," तो म्हणाला. लहानपणापासून मला हेच म्हणतो, एका जागी बसत नाही म्हणून. "मी आपणहून पुढे केली असती तर तू काय म्हणाली असतीस?"

मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं.

"नको, तूच ठेव," वहिनी माझ्या वतीने म्हणाली.

मला हसू आलं आणि ते नीट बाहेर पडेना. मी म्हटलं, जुळेलच असं नाही, नाही म्हणालास तरी चालेल. यातलं दुसरं खोटं होतं. दादा म्हणाला, ते डॉक्टर बघतील, तू आता बस जरा.

सातवी ताटली आली. गाजरं, चार. दादाने एक वहिनीला दिलं, एक स्वतः घेतलं आणि उरलेली दोन्ही माझ्यापुढे सरकवली. घे म्हणाला नाही. मी नको म्हणाले नाही.

मला नंतर कळलं, दादा तपासणीसाठी रक्त देऊन आला होता तो या जेवणाच्या आधीच्याच मंगळवारी, सकाळी सात वाजता, उपाशीपोटी. वहिनी सोबत होती.