बर्फ किती, हे सांगणारा मी

मित्रांनो, मी जुना मोबाइल आहे. काच तडकलेली, पाठ घासलेली. पण फिनलंडच्या किनाऱ्यापलीकडच्या आमच्या बेटावर माझा मान मोठा आहे, कारण ‘बर्फ किती?’ हे ॲप सगळ्यांत आधी माझ्यावर चाललं.

ते बनवलं माझ्या मालकीणबाईंनी, गुन्वोरबाईंनी. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर ॲप बनवायला शिकल्या. हिवाळ्यात इथला समुद्र गोठतो आणि लोक त्यावरून ये-जा करतात. जो तो भोक पाडून बर्फाची जाडी मोजतो, ॲपमध्ये टाकतो, आणि नकाशावर हिरवी किंवा लाल खूण उमटते.

मग फोनच्या कंपनीचा नियम आला. ज्या ॲप बनवणाऱ्यांनी आपली ओळख कंपनीकडे नोंदवली नाही, त्यांची ॲप नव्या फोनवर बसणार नाहीत.

गावच्या सभागृहात कॉफी पिता पिता वाद रंगला.

“माझ्या दारातल्या बर्फासाठी परक्या कंपनीला ओळखपत्र का दाखवू?” बाई म्हणाल्या.

“बाई, नाव लिहायला काय जातंय तुमचं?” पोस्टमन रॉल्फ म्हणाला. “खोट्या ॲपपायी माझ्या आईचे सगळे फोटो गेले. नियम बरोबरच आहे.”

बाईंनी त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली. रॉल्फचं दुःख खरं होतं. पण नोंदणी त्यांनी केली नाही.

जानेवारीत रॉल्फने नवा फोन घेतला. त्यावर ॲप बसलं नाही. एका सकाळी बाईंनी खिडकीतून पाहिलं, तर तो टपालाची घसरगाडी घेऊन गोठलेल्या समुद्रावरून थेट टेकाडाखालच्या बर्फाकडे निघाला होता. तिथली जाडी त्यांनी तासाभरापूर्वीच मोजली होती. जेमतेम दोन बोटं.

त्यांनी मला उचललं. थंडीने माझी बॅटरी चार टक्क्यांवर आली होती. मी जीव एकवटून घंटी पोहोचवली.

“रॉल्फ, थांब. पालथा पड आणि आल्या वाटेने सरपटत मागे ये.”

“बाई, टपाल...”

“टपाल राहू दे रे.”

तो किनाऱ्याला लागला आणि मी बंद पडलो. इतक्या समाधानाने मी कधीच बंद पडलो नव्हतो.

त्याच आठवड्यात रॉल्फने नियम सैल करा म्हणून कंपनीला पत्र लिहिलं. खाली त्रेचाळीस सह्या झाल्या. बाईंनीही एक पाऊल मागे घेतलं. ॲप उघडताच त्यांचं नाव, फोन नंबर आणि घराचा पत्ता दिसेल, असं केलं. अशी पत्रं गावोगावहून गेली असणार, कारण मार्चमध्ये नियम सैल झाला. धोक्याची सूचना वाचायची, एक दिवस थांबायचं, मग नोंदणी नसलेलं ॲपही घेता येईल.

सगळं बेट सभागृहात जमलं. वेलचीचे पाव होते. बाई म्हणाल्या, “रॉल्फ, सूचना मोठ्याने वाच.”

तो उभा राहिला. “हे ॲप बनवणारी व्यक्ती आमच्या ओळखीची नाही.” त्याने मान वर केली. “माझ्या ओळखीची आहे. यांनीच मला तिसरीत दोनदा बसवलंय.”

सभागृह हसून लोटपोट झालं. बाई तर डोळे पुसत होत्या.

मित्रांनो, अनोळखी ॲप समोर आलं की जरा थांबा, कोणी बनवलं ते विचारा. आणि शेजारचं कोणी तुमच्यासाठी खपून काही बनवत असेल, तर त्याच्या पाठीशी उभे राहा. आम्ही फोन फक्त आवाज पोहोचवतो. हाक मारणारं माणूस तुम्हालाच जपावं लागतं.