सोनिया चौथ्या मजल्यावर चढली

कराडला मुलींच्या वसतिगृहाची इमारत उभी राहत होती. तिच्याभोवतीची लोखंडी परांची धनाजी आणि त्याची टोळी बांधत होती. धनाजीची बायको सोनिया त्याच साइटवर गेटपाशी मजुरांची हजेरी घ्यायची.

पावसाळा सरल्यावर परांची तपासणारा माणूस नोकरी सोडून साताऱ्याच्या एमआयडीसीत गेला. सेफ्टीच्या इंजिनिअर प्रियदर्शनी मॅडमनी ते काम सोनियाला शिकवलं. सगळं मोबाइलवर होतं. परांचीचे पाय पक्क्या जमिनीवर टेकलेत का, फळ्या बांधल्यात का, कठडा आहे का, पाईप जोडणारे क्लॅम्प आवळलेत का, असे मराठीतून एकामागून एक प्रश्न यायचे. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. शिवाय त्या-त्या मजल्यावर उभं राहून फोटो काढायचा. सगळं ‘हो’ आलं तर शिडीला हिरवी पाटी. एक जरी ‘नाही’ आलं तरी लाल, आणि लाल असेपर्यंत दुरुस्ती-तपासणीखेरीज वर कुणी पाय ठेवायचा नाही.

सोनियाला उंचीची भीती वाटायची, हे फक्त धनाजीला माहीत होतं. तासगावला माहेरी बेदाण्याच्या शेडवर काम करतानाही ती वरच्या जाळीवर द्राक्षं टाकायला कधी चढली नव्हती. पहिल्याच दिवशी ती दुसऱ्या मजल्यावरून परत आली आणि पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसली.

“मोबाइल दे. वरचे फोटो मी काढून आणतो,” धनाजी म्हणाला.

“आवं, बांधायचं तुमी आणि तपासायचंबी तुमीच? मग मी कशाला हाय?”

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. पण काम सुटल्यावर टोळीची माणसं निघून गेली, तसा त्याने तिच्या कमरेला सेफ्टीचा बेल्ट बांधला आणि तिला शिडीवर पुढं घातलं.

“खाली बघू नको म्हणतात ना सगळी?” सोनियाने विचारलं.

“त्यांचं ऐकू नको. खाली बघ. बघून बघूनच डोळं सरावत्यात. मी हाय मागं.”

रोज थोडं थोडं करत ती वर जाऊ लागली. साइटवर मात्र थट्टा सुरू झाली. टोळीतला मल्हार म्हणाला, “धन्या, आता काय गड्या, हिरवी पाटी घरचीच.” धनाजीही हसला.

एका सकाळी सोनिया पहिल्यांदाच चौथ्या मजल्यावर पोचली. रीत म्हणून तिने कोपऱ्यातला क्लॅम्प हाताने हलवला, आणि तो फिरला. आदल्या दिवशी अंधार पडता पडता तो आवळायचा राहून गेला होता. ती बराच वेळ मोबाइल हातात धरून उभी राहिली. मग तिने ‘नाही’ दाबलं. बांधणाऱ्याचं नाव विचारलं होतं, तिथे धनाजीचं नाव घातलं. खाली उतरून शिडीला लाल पाटी अडकवली.

गवंडी बसून राहिले. मुकादम दिग्विजय म्हणाला, “एवढ्या तेवढ्याला काम कशाला थांबवायचं? धनाजी आवळेल की. तू ‘हो’ कर.”

“आवळू द्या. मग मी परत चढून बघते.”

मल्हार तोंड फिरवून हसला. धनाजीने पाना उचलला आणि बायकोकडे न बघता तो वर गेला. त्या मजल्यावरचे सगळेच क्लॅम्प पुन्हा आवळून होईपर्यंत जेवणाची सुट्टी झाली.

जेवणाच्या सुट्टीत तो तिच्याकडे आला नाही. रोज दोघं विटांच्या थप्पीमागच्या सावलीत एकाच डब्यात जेवायची. सोनियाने डबा उघडला, मेथीची भाजी बघितली आणि झाकण परत लावलं. बऱ्याच वेळाने धनाजी आला आणि तिच्याशेजारी बसला.

“जेवली न्हाईस?”

“तुमी आला न्हाईसा.”

त्याने भाकरी मोडली. अर्धी तिच्या हातात दिली.

“राग आला व्हय?” तिने विचारलं.

“आला व्हता. मल्हार्‍या हसला म्हणून.” तो घास तसाच हातात धरून बसला. “लग्नाच्या आदीपासनं पाईप जोडतोय मी. तुझ्या आदीचा माणूस हापिसातच बसून ‘हो’ करायचा. माझ्या मागनं कुणी चढून हात लावून बघितलंय, असं कवाच झालं न्हाई. आज वर गेलो, त्यो क्लॅम्प धरला, तवा ध्यानात आलं. सकाळी तिथं पैल्यांदा माझाच पाय पडला असता.”

“म्हाईत हाय मला,” सोनिया म्हणाली. “तुमचं नाव घालताना बोट चालंना.”

“पण घातलंस की.”

“तुमचं हाय म्हणूनच घातलं.”

धनाजीने मान खाली घातली आणि भाजीचा मोठा घास तिच्या भाकरीवर सरकवला.

जेवणानंतर ती पुन्हा शिडी चढली. तो मागून आला, पण कोपऱ्यापासून दूर थांबला. तिने क्लॅम्प दोन्ही हातांनी ओढून पाहिला. हलला नाही. मग शेजारचे सगळे पाहिले, फोटो काढला, ‘हो’ दाबलं, आणि कठडा धरून खाली बघत उभी राहिली. चक्कर आली नाही.

“पाचवा कवा बांधणार?” तिने विचारलं.

“उद्यापासनं.”

“सावकाश बांधा,” ती म्हणाली. “मला चढायला येळ लागतो.”