बंबाच्या पंपावरचा नमदा

नाक मुरडू नका मित्रांनो! मी एक जुना नमदा आहे, लोकर तुडवून केलेले जाड अंथरूण. मला मेंढीचा, डिझेलचा आणि धुराचा वास येतो, त्याला माझा इलाज नाही. आमच्या डोंगरातल्या गावाच्या अग्निशमन केंद्रात एकच बंब आहे. त्या बंबाच्या पंपावर मी अकरा हिवाळे काढले आहेत.

बंबाचा चालक शारशेन. त्याच्या बायकोने, बातमाएजेने, मला बनवले. लोकर काठ्यांनी पिंजली, कढत पाणी शिंपडले, बोरूच्या चटईत गुंडाळले आणि चार शेजारणींनी हसत खिदळत मला दिवसभर तुडवले. मी खरे तर तिच्या घरात अंथरला जाणार होतो. पण त्याच हिवाळ्यात पंप गोठला आणि शारशेनने मला गुपचूप उचलून आणले. बातमाएजे तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही!

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो शेगडीत तापवलेली वीट पंपाखाली ठेवायचा आणि वरून मला गुंडाळायचा. "सांभाळ रे बाबा," एवढेच म्हणायचा. मला ते पुरायचे.

मग एक दिवस तपासणीचे पत्र आले. शेजारच्या खोऱ्यातले केंद्र तपासणीत नापास झाले होते आणि त्याला कायमचे कुलूप लागले होते. आमचेही गेले, तर बंब खिंडीपलीकडून, दोन तासांनी येणार. आमचे प्रमुख एसेनबेक वयाने तरुण. त्यांची तर पाचावर धारण बसली. बादल्या रंगवल्या, फाटक रंगवले, फावड्यांचे दांडेसुद्धा लाल केले. तपासणीच्या सकाळी त्यांची नजर माझ्यावर पडली.

"हे काय लक्तर?"

"नमदा आहे, साहेब. पंप गरम राहतो."

"सामानाच्या यादीत आहे का?"

"यादीत नाही, पण..."

"मग काढा! तपासनीस बाई म्हणतील, बंबाला गोधडी घालून झोपवता का?"

"बाहेर उणे पंचवीस आहे, साहेब."

"तासाभराचा तर प्रश्न आहे, शारशेनबाइके. थोरल्या भावासारखे आहात, हात जोडतो तुम्हाला!"

मला कोळशाच्या खोपटात फेकले. फळीच्या फटीतून मला अंगण दिसत होते. बंब चकचकीत होऊन बाहेर उभा होता, उघडा. खिंडीत बर्फ पडल्याने तपासनीस बाईंना उशीर झाला. एक तास गेला, दोन गेले, तीन गेले. माणसे पाय आपटत उभी होती आणि माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. अरे, कोणीतरी पंपाला हात लावून बघा रे! पण मला तोंड कुठे होते?

शेवटी जीप आली. सायराकानबाई उतरल्या. आत टेबलावर रोट्या मांडल्या होत्या, चहाच्या समोवारात पाणी उकळत होते.

"आधी पाणी दाखवा, मग चहा," बाई म्हणाल्या.

नळी पसरली, पंप चालू केला. तो नुसता कण्हला. थेंब नाही! एसेनबेक मुठीने पंप बडवू लागले. शारशेनने कोणाला विचारले नाही. तो धावत खोपटात आला, मला ओढले, वाटेत समोवारही उचलला. सगळे उकळते पाणी पंपावर ओतले आणि मला घट्ट गुंडाळले. किती वेळ गेला कोण जाणे. मग नळी फुगली.

"चौदा मिनिटं," बाई म्हणाल्या. "तेवढ्यात घराची राख होते. आणि हे मध्येच काय आणलंत?"

शारशेन बुटांकडे बघत राहिला. त्याने साहेबांचे नाव घेतले नाही.

"नमदा," एसेनबेकच बोलले. "रोज पंपावर असतो. आज मीच काढायला लावला. तुम्हाला दिसू नये म्हणून."

"मला दिसू नये म्हणून! कमाल आहे." बाईंनी कागदावर 'नापास' लिहिले. "महिन्याभरात परत येईन. कधी, ते सांगणार नाही. तेव्हाही पाणी आलं नाही, तर कुलूप." रोटीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि त्या गेल्या.

तो महिना कसा काढला ते विचारू नका. रस्त्यावर गाडी वाजली की सगळे उठून उभे! एकोणिसाव्या दिवशी दुपारी घंटा झाली. शाळेमागच्या घराची गवताची गंजी पेटली होती, गुरांचा सगळा हिवाळ्याचा चारा. या वेळी पहिल्याच झटक्यात पाणी आले. निम्मी गंजी वाचली, घर तर सगळेच वाचले.

परत आल्यावर एसेनबेक पायरीवर बसले. "छे! बाई आज यायला हव्या होत्या. बघायला कोणीच नव्हतं."

"आग होती की," शारशेन म्हणाला.

एसेनबेक उठले. मी भिजून चिंब झालो होतो, मला त्यांनी स्वतः पिळले आणि शेगडीजवळ वाळत घातले.

आठवड्याने बाई न सांगता आल्या. रंगाकडे त्यांनी पाहिलेही नाही. थेट माझ्याखाली हात घातला. "गरम आहे," म्हणाल्या. पाणी बघितले, मग यादी मागवून स्वतःच्या हाताने खाली लिहिले: नमदा, एक. आमचे केंद्र राहिले.

मित्रांनो, मी आता यादीत आहे, तरी थंडी पडली की माझा जीव स्वस्थ नसतो. थंडी काही यादी वाचून पंपाला सोडत नाही. तेव्हा पाहुणे येणार म्हणून कामाची जुनी वस्तू कोळशात फेकू नका. आणि काम झाले की मला वाळवायला विसरू नका. ओला राहिलो तर मीच गोठेन, मग पंपाला पांघरूण कोण घालणार?